दोरी ओढून ओढून खांदा गेला तरी गवत कापायचं मशीन चालू होईना? आधी कार्बेटरला हात लावू नका

मृगाचा पाऊस दोनचार दिवस नीट पडला की आमच्या मामांच्या अंगणातलं गवत बघता बघता पोटरीला लागतं आणि मग जिन्याखाली ताडपत्री टाकून ठेवलेलं मशीन बाहेर काढायचा कार्यक्रम होतो. कार्यक्रमच म्हणायचा, कारण मामा दोरी ओढणार, शेजारचे दोघं कंपाउंडवर हात टेकून बघत उभारणार, मामी आतनं चहा पाठवणार आणि मशीन काय चालू होणार नाही. मागच्या पावसाळ्यात मी मोजलं, सत्तावीस वेळा ओढली. अठ्ठाविसाव्या वेळी दोरी सोडून मामा म्हणाले, "कार्बेटरमध्ये कचरा हाय, खोलतो." आणि खरा घोळ तिथनं सुरू झाला.

कारण कार्बेटरमध्ये तेव्हा काही नव्हतं. पण चार वेळा खोलून लावल्यावर पॅकिंग फाटलं, एक स्क्रू आटे गेलेला, आणि मूळ फॉल्ट तसाच. म्हणजे आधी एक फॉल्ट होता, आता तीन झाले. जुनं पेट्रोलचं मशीन ज्यांच्याकडे पडून आहे त्यांनी ही चूक करू नये म्हणून सगळं क्रमानं लिहितोय. मी काही मोठा मिस्त्री नाही, पण लहानपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, वडलांच्या मागं लेथपाशी गेलंय त्यामुळं थोडं हातात आहे.

आधी मशीनची ओळख. नागाळा पार्कातल्या एका जुन्या बंगल्याचं सामान निघालं तेव्हा मामांनी हे घेतलं, पत्रा गंजलेला, हँडलला कुणीतरी सायकलची मूठ बसवलेली, पण वरचं इंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं, अमेरिकेतल्या मिलवॉकीचं. या इंजिनाच्या वरच्या पत्र्याच्या झाकणावर तीन नंबर ठोकलेले असतात, मॉडेल, टाइप आणि कोड. कोडचे पहिले दोन आकडे साल, पुढचे दोन महिना, त्यापुढचे दोन तारीख. आमचा कोड ७६०५१८ नं सुरू होतो म्हणजे इंजिन १८ मे १९७६ चं, माझ्यापेक्षा मोठं. मॉडेल नंबर ९ नं सुरू होतो म्हणजे ९ घन इंचाचं, साधारण १४८ सीसी. हे नुसतं हौसेसाठी बघायचं नाही. १९८२ च्या आसपास कंपनीनं पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणलं, त्यामुळं तुमचं इंजिन त्याआधीचं असलं तर फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या फिरत्या चाकाच्या, खाली पॉइंट आणि कंडेन्सर आहेत असं समजायचं आणि अर्धा संशय तिथंच ठेवायचा. तुमच्याकडं विलायती अॅटको नाहीतर सफोक असलं, पुढं गोल रूळ फिरणारं, तर आकडे वेगळे असतील पण शोधायचा क्रम हाच. (त्या रूळवाल्या मशीनची मूळ कल्पना १८३० ला एडविन बडिंग नावाच्या इंग्रजानं काढली, कापड गिरणीत कापडावरची लव छाटायचं यंत्र बघून. इचलकरंजीवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.)

आता काम. पहिलं म्हणजे प्लगची कॅप ओढून काढा आणि लांब वळवून ठेवा. पातं हातानं फिरवायचं असेल, खाली वाकायचं असेल, काहीही असेल, कॅप काढल्याशिवाय हात घालायचा नाही. चालू होत नाही म्हणून आपण बेफिकीर असतो, पण पातं अर्धा फेरा फिरलं तरी इंजिन नेमकं त्याच वेळी फटका मारू शकतं. आणि मशीन आडवं करायचं झालं तर कार्बेटर आणि एअर फिल्टरची बाजू वर ठेवून आडवं करायचं. आमच्या भाच्यानं उलटं पाडलं, ऑइल सगळं फिल्टरच्या फोममध्ये आणि सिलिंडरमध्ये गेलं, मग दोन तास नुसता पांढरा धूर. गल्लीतले म्हणाले डास तरी गेले.

दुसरं, टाकीतलं पेट्रोल. गेल्या दिवाळीचं पेट्रोल टाकीत असेल तर बाकी काही बघूच नका, आधी ते काढा. इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजला सायकलच्या व्हॉल्व्हची नळी लावून ओढून घेता येतं. ते काचेच्या बाटलीत ओतून अर्धा तास उन्हात नको, सावलीत ठेवा आणि बघा. खाली वेगळा थर दिसला तर पेट्रोल फाटलंय. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आपल्या इथं जूनपासून सप्टेंबरपर्यंत पापड सुद्धा डब्यात मऊ पडतो तिथं अर्धी रिकामी टाकी किती पाणी ओढत असेल विचार करा. पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, आणि कार्बेटरची नळी नेमकी टाकीच्या तळातनं ओढते. म्हणजे इंजिनाला पेट्रोल सोडून बाकी सगळं मिळतं. जिल्ह्यात जिकडं तिकडं ऊस, त्याच उसाचं इथेनॉल फिरून आपल्याच टाकीत येऊन बसलंय, तक्रार तरी कुणाकडं करायची.

टाकीचं झाकण पण बघा. त्याला हवा जायला बारीक भोक असतं. आमच्याकडं कुंभारीण माशीनं मातीनं ते पद्धतशीर लिंपून टाकलेलं. अशावेळी मशीन चालू होतं, पाचसात मिनिटं चालतं आणि जीव सोडतं, झाकण उघडलं की परत चालू. सायलेन्सरच्या तोंडात पण हीच बया घर करते, एक तार घालून बघा.

आता एक चाचणी सांगतो, अर्धं कोडं इथंच सुटतं आणि खर्च शून्य. प्लग काढा, प्लगच्या भोकातनं अर्धा चमचा ताजं पेट्रोल आत सोडा, जास्त नको, प्लग परत लावा, कॅप घाला, सांडलेलं पेट्रोल फडक्यानं पुसा, बाटली लांब ठेवून दोरी ओढा. दोनतीन वेळा फटफट करून बंद पडलं तर करंट आहे, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आहे, फॉल्ट पेट्रोल पोचण्यात आहे, मग कार्बेटरकडं जायला तुम्ही मोकळे. काहीच झालं नाही, ढेकर सुद्धा नाही, तर कार्बेटरचा काही संबंध नाही, करंट नाहीतर कॉम्प्रेशन. मामांनी ही एक गोष्ट केली असती तर चार दिवस वाचले असते. आमच्या मशीननं ढेकर पण दिला नाही.

मग करंट. प्लग बघायचा, काळा ओला आहे का कोरडा. ओला असला तर पेट्रोल पोचतंय, जळत नाही. पितळी ब्रशनं साफ करा, फट ३० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ठेवा, म्हणजे पाऊण मिलीमीटर. खरं सांगायचं तर नवा प्लगच टाका, जुना प्लग बाहेर ठिणगी देतो आणि आत कॉम्प्रेशनमध्ये दाबला की गप्प बसतो. पण नवा घेताना जुना खिशात घालून जा आणि आट्यांची लांबी जुळवून घ्या. या इंजिनाला आखूड आट्यांचा प्लग लागतो, आटे ३/८ इंच, साडेनऊ मिलीमीटर. दुकानदार स्कूटरचा देतो, तो फिरतो पण बरोबर, पण आटे लांब असतात, आत डोकं काढून बसतात आणि साइड व्हॉल्व्हच्या इंजिनात आत जागा कमी असते. "बसतोय की हो" या तीन शब्दांनी कोल्हापुरात किती इंजिनं गेली असतील.

ठिणगी बघायची तर प्लग कॅपमध्ये घालून प्लगचं अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण आत्ताच आपण त्यात पेट्रोल सोडलंय. संध्याकाळी सावलीत बघा, दुपारी उन्हात ठिणगी दिसत नाही आणि माणूस उगीच करंट तयार करणारी कॉइल बदलतो. निळी, टच्च आवाज करणारी पाहिजे. पिवळी, केसासारखी बारीक असली तर ती नसल्यासारखीच. कंपनीचा टेस्टर असतो त्याला ४ मिलीमीटरच्या वर फट असते, तेवढी उडी मारणारा करंट पाहिजे.

ठिणगी नसली तर लगेच फ्लायव्हील खोलायचं नाही. आधी बंद करायची वायर बघा. थ्रॉटलच्या दांडीपाशी एक बारीक वायर येते, दांडी स्टॉपला नेली की ती वायर बॉडीला टेकते आणि करंट मरतो. ती वायर कुठं घासून सोलली असली, नाहीतर उंदरानं कुरतडली असली, तर मशीन कायमचं स्टॉपमध्ये आहे. वायर सोडवून परत ठिणगी बघा. आली तर दोन रुपयाच्या टेपचं काम. फक्त वायर सुटलेली असताना मशीन चालू केलं तर ते दांडीनं बंद होणार नाही, चोक पूर्ण ओढून गुदमरवावं लागतं, हे आधी डोक्यात ठेवा, नंतर पळापळ नको.

आमच्याकडं वायर ठीक होती. मग वरचं झाकण काढलं, दोरीचा सेट त्याच्याबरोबर निघतो. खाली फ्लायव्हीलच्या मधोमध दोरीचा क्लच बसलेला असतो आणि तोच नटचं काम करतो, त्याला चार कान असतात. त्याचा खास पाना येतो, नसेल तर कानाला लाकडाचा ठोकळा लावून उलट्या दिशेनं दोन हलके ठोके. लोखंडी हातोडा थेट नको, कान तुटतो.

क्लच निघाला की फ्लायव्हील काढायच्या आधी थांबा आणि टॉर्च मारून मधे बघा. शाफ्टची खाच आणि फ्लायव्हीलची खाच समोरासमोर पाहिजे, मधे एक छोटी चौकोनी चावी असते. आमच्यात दोन खाचा एकमेकांपासनं अर्धा सूत सरकलेल्या. म्हणजे चावी अर्धी कापली गेलेली. मामा म्हणाले अरे हो, मागं एकदा पातं दगडावर बसलं होतं, मोठा आवाज झाला होता. आपल्याकडचा दगड म्हणजे काळा बेसाल्ट, तो काय हलत नाही. पातं थांबतं, शाफ्ट थांबतो, फ्लायव्हील मात्र आपल्या जोरात पुढं जातं आणि मधली मऊ चावी कापली जाते. चावी सरकली की मॅग्नेट चुकीच्या वेळेला कॉइलसमोरनं जातं, ठिणगी चुकीच्या वेळी पडते, कधी दोरी हातातनं उलटी हिसकते, कधी काहीच होत नाही. आणि बाहेरनं बघाल तर प्लगला ठिणगी दिसते! म्हणून लोक इथं फसतात.

ही चावी मऊ धातूची असते आणि ती मऊच पाहिजे. मी ती घेऊन उद्यमनगरात वडलांच्या ओळखीच्या एका टर्नर काकांकडं गेलो, त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, चावी चिमटीत धरली, म्हणाले, "ह्यो काय माल हाय व्हय? जस्तागत दिसतोय. थांब, ईएन-एटची करून देतो, तुझा नातू सुद्धा बदलणार न्हाय." दहा मिनिटांत चकाचक स्टीलची चावी तयार, पैसे पण घेतले नाहीत. मोठी माया, पण ती चावी मी बसवली नाही, ती अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कारण पुढच्या वेळी पातं दगडावर बसलं तर स्टीलची चावी तुटणार नाही, आणि मग तो धक्का शाफ्ट नाहीतर फ्लायव्हील घेणार. मऊ चावी म्हणजे घरातला फ्यूज, त्या जागी जाड तार घालायची नसते. काकांना मात्र सांगितलं लई भारी बसली. मूळची मऊ चावी ऑनलाइन मागवली, आठवडा लागला.

चावी बदलायला फ्लायव्हील काढावं लागतंच. पुलर लावायचा, त्यासाठी फ्लायव्हीलला दोन भोकं असतात. दोन बाजूंनी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं आणि शाफ्टच्या डोक्यावर हातोडा मारायचा हा प्रकार मी पण केलाय, करू नका, आटे चपटे होतात. पुलर कुठल्याही वर्कशॉपमध्ये पट्टी आणि तीन बोल्टमधनं होतो, ते काम काकांना द्या, त्यांना पण समाधान.

फ्लायव्हील निघालं की खाली एक पत्र्याची डबी दिसते, दोन स्क्रूची. त्यात पॉइंट आणि कंडेन्सर. आमची डबी उघडली आणि आत पातळ काळं ऑइल. पॉइंटच्या टोकांवर राखाडी साय. हाच दुसरा फॉल्ट, ठिणगी कमजोर का ते इथं कळलं. या इंजिनात गंमत अशी की पॉइंटचं एक टोक हलणाऱ्या पट्टीवर असतं आणि दुसरं, स्थिर टोक, कंडेन्सरच्याच तोंडावर असतं. म्हणजे फट लावायची तर कंडेन्सर त्याच्या पकडीत पुढंमागं सरकवायचा. हे माहीत नसलं तर माणूस अर्धा तास पॉइंटचा सेटिंग स्क्रू शोधत बसतो, मी बसलो होतो.

टोकं साफ करायला झिरो नंबरचा पॉलिश पेपर दोनदा हलका फिरवायचा, त्यापेक्षा जास्त नाही. मग मुख्य काम, लग्नपत्रिकेचा एक जाड गुळगुळीत तुकडा कापून थिनरमध्ये बुडवून टोकांच्या मधनं ओढायचा, पत्रिकेवर काळी रेघ उमटते, परत कोरडा तुकडा ओढायचा, रेघ उमटायची बंद होईपर्यंत. बोट लावायचं नाही, बोटाचं तेल सुद्धा पुरतं. आमचं काम एका दूरच्या पाव्हण्याच्या पत्रिकेवर झालं, लग्नाला काही जाता आलं नव्हतं, तेवढीच पत्रिका कामाला आली. नवा सेट मिळत असेल तर मात्र सरळ नवा टाका. कंडेन्सर घेताना त्यावरचा आकडा बघा, ०.१८ ते ०.२४ मायक्रोफॅरॅड पाहिजे, आणि वर सांगितल्याप्रमाणे तोंडावर टोक असलेलाच लागतो, स्कूटरचा इथं बसणार नाही.

फट २० थाऊ. शाफ्ट हळूहळू फिरवत पॉइंट जास्तीत जास्त उघडतो तिथं थांबायचं, फीलर गेजची २० ची पट्टी मधे घालायची, घट्ट नको, लोणच्याच्या बरणीचं फडकं ओढताना जेवढा अडसर लागतो तेवढाच. स्क्रू आवळल्यावर परत मोजायचं कारण आवळताना कंडेन्सर सरकतो, दर वेळी सरकतो.

आणि ते ऑइल कुठनं आलं? पॉइंटच्या पट्टीला ढकलायला एक छोटा प्लंजर असतो, तो शाफ्टवर घासत राहतो. त्याचं भोक घासून मोठं झालं की क्रँककेसमधलं ऑइल त्यातनं वर येतं. प्लंजर काढून मोजा, ०.८७० इंच किंवा त्याहून कमी झाला असेल तर बदला. आमचा ०.८७६ होता, ठेवला, पण ऑइल लेव्हलपेक्षा जास्त भरलेलं होतं ते कमी केलं आणि पाझरणं बरंच थांबलं. ऑइल या इंजिनात फक्त ६०० मिलीच्या आसपास बसतं, मामा मोटरसायकलच्या हिशोबानं लिटरची बाटली रिकामी करायचे. साधं एसएई ३० टाका, आपल्याकडं बर्फ पडत नाही.

डबी बंद करताना वायर जिथनं बाहेर येतात तिथं थोडं सिलिकॉन सीलंट लावा. आपल्या पावसाळ्यात हे नाही केलं तर पुढच्या आषाढात परत तीच राखाडी साय.

कॉइल आणि फ्लायव्हीलचं मॅग्नेट यांच्यातली फट ६ ते १० थाऊ. गेज नसेल तर झेरॉक्सचा साधा कागद दुहेरी करा, एक कागद साधारण ४ थाऊ म्हणजे दोन मिळून ८. मॅग्नेट कॉइलसमोर आणायचं, मधे कागद, कॉइलचे स्क्रू सैल, मॅग्नेट आपोआप कॉइल ओढून घेतं, स्क्रू आवळायचे आणि फ्लायव्हील फिरवून कागद काढायचा. त्याआधी मॅग्नेटवरचा आणि कॉइलच्या पायांवरचा गंज पॉलिश पेपरनं काढा, गंजाचा थर पण फटीतच धरला जातो.

हे सगळं झाल्यावर ठिणगी बघितली. मामांनी प्लग धरला होता. मी म्हणलं मामा धरू नका, पक्कडीत धरा. "मला काय हुतंय," म्हणाले. मी दोरी ओढली. पुढची दोन मिनिटं मामा काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण करंट एकदम खणखणीत आहे हे गल्लीला समजलं.

अर्धा चमचा पेट्रोलची चाचणी परत केली, तीन वेळा फटफट करून थांबलं. म्हणजे आता, आता कुठं कार्बेटर. मामांच्या चार वेळच्या खोलण्यामुळं तिथं खरोखर नवा फॉल्ट तयार झालेला होता.

या मॉडेलवर पल्सा-जेट नावाचा कार्बेटर येतो, टाकीच्या डोक्यावरच बसलेला, फ्लोट वगैरे काही नाही. आत पातळ रबरी कापडाचा डायफ्राम असतो, इंजिनाच्या श्वासाबरोबर तो वरखाली होतो आणि मोठ्या नळीनं तळातलं पेट्रोल ओढून एका छोट्या वाटीत टाकतो, त्या वाटीतनं दुसरी आखूड नळी इंजिनाला पाजते. डायफ्राम कडक झाला, सुरकुतला, तर पंप मेला. बोटावर धरून बघा, साडीच्या पदरासारखा पडला पाहिजे, पापडासारखा ताठ राहिला तर टाका. इथं मी स्वतः शहाणपणा केला, सायकलच्या जुन्या ट्यूबमधनं कात्रीनं अगदी मापात कापून बसवला, दिसायला एक नंबर, पण ट्यूब जाड, ती हलतच नाही. मशीन थुंकलं सुद्धा नाही. डायफ्रामचं किट चावीबरोबरच मागवायला पाहिजे होतं, आणखी एक आठवडा गेला, गवत गुडघ्यावर. खोलताना मोबाईलवर फोटो काढून ठेवा, स्प्रिंग कुठं, टोपी कुठं, डायफ्राम वर का पॅकिंग वर. काही मॉडेलला उलटं असतं आणि नंतर आठवत नाही.

नळ्यांच्या पायाला बारीक जाळी असते, ती वार्निशसारख्या चिकट थरानं भरते. कार्बेटर क्लीनरचा स्प्रे मारा, भोकात तार घालू नका, पितळेचं भोक एकदा मोठं झालं की ते लहान करायची विद्या अजून उद्यमनगरात पण नाही. नायलॉनच्या ब्रशचा एक केस पुरतो. मग टाकीचा वरचा पृष्ठभाग बघा जिथं कार्बेटर टेकतो, त्यावर सरळ पट्टी ठेवून २ थाऊचा गेज कुठं खाली सरकतो का. सरकला तर तिथनं हवा शिरते आणि डायफ्राम कितीही नवा असला तरी ओढ बसत नाही. काचेवर पॉलिश पेपर ठेवून कार्बेटरचं तोंड आठच्या आकड्यात घासून सपाट करता येतं, टाकीचं अवघड असतं. कार्बेटर जिथं इंजिनाच्या नळीवर चढतो तिथं ओ-रिंग असते, ती चपटी झाली असेल तर बदला, दहा रुपयाची वस्तू पण पेट्रोल-हवेचं सगळं मिक्स्चर पातळ करते.

मिक्स्चरचा सुईवाला स्क्रू अलगद पूर्ण आत, बोटानं, पान्यानं दाबू नका, सुईला खाच पडते. टेकला की दीड फेरा बाहेर. सुरू होण्यापुरतं हे बरोबर असतं. इथेनॉलवालं पेट्रोल पातळ जळतं म्हणून मी आणखी पाव फेरा उघडा ठेवला, गार इंजिन त्यानं लवकर उठतं. बारीक सेटिंग टाकी अर्धी भरलेली असताना आणि इंजिन गरम झाल्यावर करायचं.

कॉम्प्रेशनचं लांबण लावत नाही. गेज लावू नका, या इंजिनात दोरी हलकी जावी म्हणून कॅमवर व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवायची सोय असते, त्यामुळं आकडा कमीच दिसतो आणि माणूस घाबरून रिंगा बदलतो. प्लग लावून, कॅप काढून, फ्लायव्हील हातानं उलट्या दिशेला जोरात फिरवा. चेंडू भिंतीवरनं यावा तसं परत उसळलं तर कॉम्प्रेशन चांगलं. नुसतं घरंगळलं तर हेड खोलून व्हॉल्व्ह बघायचे, बहुतेक वेळा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह चिकटलेला असतो किंवा त्याच्या सीटवर कार्बन. हेडचे बोल्ट परत लावताना आडवेतिडवे, टप्प्याटप्प्यानं, शेवटी १४० इंच-पौंड म्हणजे सुमारे १६ न्यूटन-मीटर, जोर दाखवायची जागा नाही, खाली अॅल्युमिनियम आहे.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. या मशीनचं फ्लायव्हील हलकं असतं, उरलेलं वजन खालचं पातं देतं. पातं सैल असलं, किंवा तुम्ही पातं काढून टेबलावर इंजिन तपासत बसलात, तर दोरी उलटी हिसकणार आणि चालू व्हायला नाटकं करणार. पात्याचा बोल्ट आधी घट्ट करा. तसंच मशीन उंच ओल्या गवतात उभं करून चालू करायचा हट्ट धरू नका, पातं गवतात अडकलेलं असतं, तुम्ही इंजिन नाही अख्खं अंगण ओढत असता. फरशीवर आणा, चोक ओढा, दोरी हळू ओढत न्या जिथं अडल्यासारखं वाटतं तिथपर्यंत, तिथनं दोरी परत आत जाऊ द्या, आणि मग एकदाच, लांब, न थांबता.

आमचं दुसऱ्या ओढीला उठलं. मामांनी एक शब्द न बोलता हँडल हातात घेतलं आणि सरळ गवतात घुसले, शेजारच्यांकडं बघितलं पण नाही. कंपाउंडवरचा एकजण म्हणाला, "कार्बेटर साफ केल्यावर झालं बघा." मामा इंजिनाच्या आवाजात पण हो म्हणाले.

दिवाळी झाली की टाकी सिरिंजनं रिकामी करायची, उरलेल्या थेंबांवर मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, प्लगच्या भोकात चमचाभर ऑइल सोडून दोरी दोनदा हळू ओढायची आणि ताडपत्री टाकायची. काढलेलं पेट्रोल ताजं असेल तर लगेच गाडीत ओता. यंदा मामांनी ते स्वतःहून केलं, सिरिंज पण त्यांनीच आणली, आणि झाकणाच्या भोकावर मामीच्या ब्लाउजपीसचा एक तुकडा रबरानं बांधून ठेवला, कुंभारीण माशीसाठी.